सातव्या तासाचं पोट आणि मामीची काकवी

बारा तासांच्या सोलो सायकल शर्यतीची तयारी चाललीय, आणि रविवारी पुन्हा तेच. बेळगावजवळच्या पिरनवाडी–खानापूर–जांबोटी त्रिकोणाची तिसरी फेरी सुरू होती. खानापूर सोडून जांबोटीच्या वाटेला लागलो, घड्याळात सात तास दहा मिनिटं, आणि पोट बसलं ते बसलंच. पाय ताजे, हार्ट रेट झोन 2 मध्ये, म्हणजे आरामात, पण घोटभर पाणीसुद्धा वर येतंय. सागाच्या झाडाखाली सायकल टेकवून जे व्हायचं ते झालं. पुढचे 40 किलोमीटर रिकाम्या पोटानं, 16 च्या वेगानं, म्हशींशी स्पर्धा करत घरी.

गेल्या वर्षी शर्यतीत आठव्या तासाला झालं होतं. तेव्हा उन्हाला दोष दिला. जानेवारीत एनर्जी जेलला दिला. आता दोष द्यायला मीच उरलोय.

चौघांच्या संघात एक जण तासभर चालवून उतरतो, सावलीत बसून पोहे खातो, पुन्हा चढेपर्यंत पोट हलकं. सोलोवाल्याला बारा तास खोगिरावरच जेवायचं. बाटली द्यायलाही कुणी नाही. म्हणून मी हुशारी केली होती: दोन तासांचं खाणं एका बाटलीत. 600 मिलीमध्ये 120 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (पोटात ग्लुकोज होणारी पिष्टाची पूड). सोमवारी कागदावर मांडलं तर 20 टक्क्यांचं द्रावण! 6 ते 8 टक्क्यांच्या वर गेलं की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, हे मीच इतरांना सांगत फिरतो. त्यात उन्हात रक्त त्वचेकडे आणि पायांकडे वळतं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं. सहा तास साठत साठत सातव्या तासाला सगळं उलटतं.

दुसरी चूक नुसत्या माल्टोची. ग्लुकोज आत घेणारं दार तासाला साधारण 60 ग्रॅमलाच भरतं. फ्रुक्टोजचं दार वेगळं. साखर किंवा गूळ घेतला की सुक्रोज अर्धं-अर्धं फुटून दोन्ही दारांनी आत जातं. म्हणजे डब्यामागे दोन हजार मोजण्यापेक्षा किराणा दुकान बरं होतं. (ऑनलाइन मागवलेला शेवटचा डबा मुदत संपायला तीन आठवडे उरलेला निघाला, तो राग अजून आहे.)

मंगळवारी गूळ विरघळवून पाहिला. पेठेतून आणलेला, पिवळाधमक, दिसायला सुंदर. तळाला वाळू बसली आणि बाटलीचं तोंड चोंदलं. गाळणं, फडकं सगळं झालं. एवढा पिवळा गूळ घ्यायचाच कशाला, असं आई म्हणालीच होती.

मग बुधवारी हुक्केरीहून मामी आली. पिशवीत गुऱ्हाळावरची काकवी, भाकरीबरोबर खायला. मी वाटीतली काकवी चमच्यानं वर धरली, तार खाली सोडली आणि डोक्यात दिवा लागला. आधीच पातळ, आधीच गाळलेली, पाण्यात टाकली की दोन हलव्यांत विरघळते. साधारण तिसरा हिस्सा पाणी, बाकी बहुतेक साखर. म्हणजे 68 ग्रॅम काकवीत 45 ग्रॅम साखर, ती 750 मिलीमध्ये 6 टक्के. वर पाव चमचा मीठ आणि कोकमाचं पाणी.

"एवढी काकवी पिऊन दात पडतील की रे," मामी म्हणाली. "पडू देत मामी, पोट राहू दे."

शुक्रवारी पहाटे पहिली चाचणी, तीन तास. गार लागली, गोडाचा कंटाळा नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिसऱ्या तासाला भूक लागली! खरंच, भूक. मी रस्त्यात एकटाच हसलो. तासाला एक बाटली म्हणजे 45 ग्रॅम; 60 गाठायला 15 ग्रॅम अजून हवेत, ते उकडलेल्या रताळ्यातून. 75 ग्रॅमचा तुकडा, वरून मीठ, सायकलच्या आडव्या दांड्यावरच्या पिशवीत. रताळं आपल्याकडचंच, त्याला तोड नाही. कुठल्याही बारपेक्षा सहज गिळता येतं.

आनंद एक दिवस टिकला. शनिवारी रात्री बाटल्या भरून ओट्यावर ठेवल्या. सकाळी झाकण उघडलं तर फुस्स! आंबली. सायकलवर बाटली अडकवायच्या कडीला मुंग्यांची रांग वेगळीच. आता काकवी घट्टच न्यायची, लहान बाटल्यांत 68-68 ग्रॅम मोजून, आणि मोठ्या बाटलीत जागेवर ओतायची. त्यासाठी भांड्यांच्या दुकानातला साधा वजनकाटा पुरतो, सायकलवाल्यांच्या महागड्या काट्यांच्या नादी लागू नका.

शर्यतीची इथपर्यंतची योजना अशी होती: तिथली फेरी 9 किलोमीटरची, 25 च्या वेगानं तीन फेऱ्यांना 65 मिनिटं, दर तीन फेऱ्यांनी माझ्या बाटल्यांच्या टेबलाशी थांबून एक बाटली. अकरा थांबे, प्रत्येकी 40 सेकंद, म्हणजे सात मिनिटं वीस सेकंद, म्हणजे तीन किलोमीटर गेले. हे लिहिता लिहिताच सुचतंय की दोन बाटल्या घेऊन दर सहा फेऱ्यांनी थांबलं तर पाचच थांबे. एक मिनिटाचा थांबा धरला तरी पाच मिनिटांत भागतं. पण दुसरी बाटली तासभर उन्हात तापणार, आणि कोमट काकवी मी पिऊन पाहिली आहे. ओलं फडकं गुंडाळून? की दुपारी 12 ते 3 तीन फेऱ्यांनी थांबायचं आणि बाकी वेळ सहांनी? हे जास्त पटतंय. अकराचे सहा-सात होतील.

बाकी थोडक्यात. 28 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये हवा 55 पीएसआय, खानापूर रस्त्यावर एकही पंक्चर नाही. करंगळीचा बधिरपणा हँडल एक सेंटिमीटर वर घेतल्यावर निम्मा झाला, हँडलची टेप अजून बदलायची आहे. चेनला मेण लावणं मी आता कधीच सोडणार नाही.

येत्या रविवारी त्याच त्रिकोणावर आठ तास, फक्त काकवी आणि रताळं. खानापूरच्या पुढचं ते सागाचं झाड लक्षात आहे, तिथं न थांबता जायचंय. मामीनं पाच लिटरचा कॅन भरून ठेवलाय. शर्यतीला पाऊण लिटरसुद्धा पुरेल, हे तिला सांगायचं धाडस नाही. पाच लिटर काकवी म्हणजे जवळपास सात किलो, आणि माझ्या सायकलला कॅरिअर नाही. शनिवारी हुक्केरीला बसनंच जातो.