कळणारही नाही कोणाला

मंगळवार, रात्री

सिस्टर चांगल्या मनानेच बोलल्या, मला धीर यावा म्हणून. तरी सकाळपासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

बिनपॅडची स्पोर्ट्‌स ब्रा घालायला दिली होती. वरून माझाच घट्ट टी-शर्ट. ब्रामध्ये एकेक सायझर, म्हणजे छातीत बसवायच्या इम्प्लांटच्या मापाचा नमुना, ठेवायचा आणि आरशासमोर उभं राहायचं. आधी २४० सीसी, मग २७५, मग २९५. २९५ला माझे खांदे आपोआप पुढे आले, ओढणी नव्हती तरी हात गळ्याशी गेला. पुन्हा २४० लावून बघितले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "हेच घ्या मॅडम, अगदी नॅचरल. कळणारही नाही कोणाला." इतकं हायसं वाटलं मला! तिथेच हो म्हणणार होते.

रिक्षात बसले आणि रडू आलं.

कळणारही नाही कोणाला. मग करतेय कशासाठी? भिशीचे पैसे घालायचे, कारण कॉस्मेटिक म्हटलं की विमा हात वर करतो. सुट्टी टाकायची, भूल घ्यायची, छातीखालच्या घडीत चार-पाच सेंटिमीटरचा छेद घ्यायचा, आणि एवढं सगळं करून कोणाच्या लक्षात येऊ नये अशी आशा धरायची. आजवर दुसरं काय केलंय मी? लक्षात येऊ नये म्हणूनच तर सगळं केलं.

आई म्हणायची, वयात आली की अंग भरेल. मग म्हणायची, लग्न झालं की भरेल. मग बाळंतपणात. बाळंतपणात भरलं खरं, पण दूध तुटल्यावर होतं तेही गेलं. ब्लाऊज शिवणाऱ्या काकू दर वेळी आत भरपूर माया ठेवायच्या, "लागलं तर उसवू" म्हणून. एकाही ब्लाऊजची उसवावी लागली नाही. पुढे त्यांनी कटोरी सोडून प्रिन्सेस कट धरला आणि इतर गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारायला लागल्या, "आत पॅड टाकून देऊ ना?" काकूंचा राग नाही मला. त्या हळू विचारायच्या, त्याचाच त्रास व्हायचा.

कॉलेजच्या ट्रिपला मुरूडला जे झालं ते आज लिहीत नाही.

डॉक्टर मॅडमनी मात्र काहीच हळू आवाजात विचारलं नाही. कॅलिपरने मापं घेतली. एका बाजूची रुंदी साडेअकरा सेंटिमीटर. म्हणाल्या, कप साइज विसरा, प्रत्येक कंपनीचा सी वेगळा असतो. छाती जेवढी जागा देते तेवढ्यातच निवडायचं. रुंद घेतलं तर काखेत जाईल, नाहीतर मधोमध दोन्ही एकमेकांना भिडतील. तेवढ्याच रुंदीत जास्त सीसी हवे असतील तर इम्प्लांट पुढे जास्त येणारं, म्हणजे हाय प्रोफाइल घ्यावं लागतं. वरच्या भागातली त्वचा चिमटीत धरून पाहिली. दोन सेंटिमीटरही जाडी नाही, म्हणून इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली ठेवणार, नाहीतर त्याची कड दिसेल. स्नायूखाली ते थोडं लहान भासतं. उगाच मोठं घेतलं तर त्वचा ताणून पातळ होते, इम्प्लांटच्या सुरकुत्या हाताला लागतात आणि वजनाने सगळं खाली उतरतं. एक सीसीचं वजन साधारण एक ग्रॅम, म्हणजे २७५ घेतलं तर दोन्ही मिळून अर्ध्या किलोच्या वर. टेक्श्चर्ड, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाचं नको, गुळगुळीतच घेऊ म्हणाल्या. २०१९मध्ये एका कंपनीने आपली टेक्श्चर्ड इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली होती, कारण त्यांचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरशी, संबंध दिसला होता. आणि ही इम्प्लांट्स जन्मभर पुरत नाहीत. शरीर इम्प्लांटभोवती जे आवरण तयार करतं ते कडक होऊ शकतं. सिलिकॉनचं इम्प्लांट आतल्या आत फाटलं तर बाहेरून काही जाणवत नाही, म्हणून ठरावीक वर्षांनी सोनोग्राफी नाहीतर एमआरआय करत राहायचं.

सगळं नीट समजलं. तरी २४० आणि २७५च्या मध्ये अडकले आहे. फरक ३५ सीसीचा, म्हणजे औषधाच्या चमच्याने सात चमचे. कपड्यांवरून तर फरक जेमतेम दिसेल, असं मॅडमच म्हणाल्या. म्हणजे माझं भांडण या सात चमच्यांशी नाहीच.

दुपारी वाचत बसले होते. असं पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२मध्ये ह्यूस्टनला, टिमी जीन लिंडसी नावाच्या बाईला बसवलं. सहा मुलांची आई. दवाखान्यात गेली होती छातीवरचा टॅटू काढून घ्यायला. डॉक्टरांनीच विचारलं, हे करून घेशील का? तिला खरं तर कान नीट करून हवे होते. कानही करून देऊ म्हटल्यावर ती तयार झाली. किती वेळ तिचाच विचार करत होते. तिने मागितलं नव्हतं, तिला विचारलं गेलं. मला कोणी विचारलेलं नाही. मी स्वतःहून मागितलंय. हे मला सोडायचं नाहीये.

हा म्हणाला, "तू आहेस तशी मला..." मी पुढचं बोलू दिलं नाही. तो खोटं बोलत नाही, माहितीये मला. पण ते झालं त्याच्या नजरेपुरतं. ताईचं दुसरंच, "एवढा पैसा घालतेयस तर दिसू दे की जरा!" वहिनींना सांगितलेलं नाही. आईला... बघू.

जेवणं झाल्यावर पायमोज्यांत कोलम भरला, कपाने मोजून २७५ मिली. तांदूळ सिलिकॉनपेक्षा हलका, त्यामुळे वजनाचा अंदाज येत नाही, पण आकाराचा येतो. ते ब्रामध्ये ठेवून वर रोजचा टॉप घातला आणि उद्याची कणीक मळली, ओटा आवरला. लेक पाणी मागायला आली, प्यायली, बाईंनी वर्गात काय सांगितलं ते सगळं सांगून गेली. तिच्या काहीही लक्षात आलं नाही.

आणि मला वाईट वाटलं.

म्हणजे कळायला हवंय मला. कोणाला तरी. की फक्त मलाच? आतल्या खोलीत जाऊन आरशासमोर एका बाजूला वळून उभी राहिले, खांदे मागे घेतले. आवडलं. खूप आवडलं. लाजही वाटली, पण आवडणं काही कमी झालं नाही. किती वर्षं वाटत होतं की आधी लाज जायला हवी, मग निवडता येईल. बहुतेक ती जाणार नाही. लपावंसं वाटणारीही मीच आणि दिसावंसं वाटणारीही मीच, दोघी मिळूनच जाऊ ऑपरेशनला. आज त्याचं तितकंसं ओझं वाटत नाहीये.

२७५ सांगणार आहे. प्रोफाइल मॉडरेट (मध्यम) की हाय, ते मॅडमनी मापावरून ठरवावं. शुक्रवारी विचारायचंय, पुढे मॅमोग्राफी करताना इम्प्लांट आहे हे आधी सांगावं लागेल ना, आणि लेकीला उचलून घ्यायला किती आठवडे थांबायचं. तिला काय सांगायचं ते अजून ठरत नाही. पोळ्यांच्या मावशींना दोन्ही वेळा यायला विचारते. हात वर करायचे नसतील तर फडताळातले वरचे डबे रविवारीच खाली काढून ठेवावे लागतील.