आईच्या पोटऱ्या

रक्ताची नळी थोडा वेळ तशीच ठेवली की वर साचणारं पाणी पिवळसर आणि नितळ दिसायला हवं. माझं दुधासारखं पांढरं होतं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, ११०० च्या पुढे. ते १५० च्या आत असावं लागतं आणि हजाराच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते. तेव्हा मी ३१ वर्षांची होते, वजन ५४ किलो, आणि मला सांगण्यात आलं, "वजन कमी करा."

कुठलं वजन? वयात आल्यापासून माझ्या हातापायांवरची चरबी उतरत गेली. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या उठून दिसायच्या. मैत्रिणी विचारायच्या, कुठल्या जिमला जातेस? त्याच काळात हनुवटीखाली आणि गळ्याभोवती मात्र चरबी चढत होती आणि मानेची मागची बाजू काळवंडली होती. आई ती घासून घासून धुवायची. इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

तिच्याही पोटऱ्या अशाच होत्या. ४८ व्या वर्षी ती हार्ट अटॅकने गेली. "शुगर होती ना तिला," एवढंच सगळे म्हणाले.

हार्मोन्सच्या डॉक्टरांनी मला चक्क उभं करून पाय बघितले, आईचे फोटो मागवले. फॅमिलिअल पार्शिअल लायपोडिस्ट्रॉफी, डनिगन प्रकार. एलएमएनए जनुकातला दोष. हातापायांच्या त्वचेखाली चरबी साठवायला जागाच उरत नाही, मग ती रक्तात फिरते, यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते. त्यातून मधुमेह, फॅटी लिव्हर आणि कमी वयात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे. शिवाय या जनुकाचं प्रथिन हृदयाच्या स्नायूंनाही लागतं, म्हणून काहींच्या ठोक्यांची लय बिघडते. त्यामुळे नुसती शुगर तपासून भागत नाही. माझा ईसीजी आणि इको ठरलेल्या वेळी होतोच, मधूनमधून २४ तास ठोके नोंदवणारा होल्टरही लावतात. आईचा ईसीजी पहिल्यांदा काढला तो अटॅक आल्यावर. हे मला अजून सोसत नाही.

हा दोष प्रत्येक मुलात किंवा मुलीत उतरण्याची शक्यता ५० टक्के. पुरुषांत तो चटकन लक्षात येत नाही, पिळदार शरीर म्हणून सोडून देतात. गेल्या आठवड्यात धाकट्या भावाला घेऊन गेले. त्याने काही न बोलता पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली आणि माझ्याकडे बघितलं. जनुकाचा रिपोर्ट यायला वेळ आहे. ईसीजी आणि लिपिड प्रोफाइल मी त्याच दिवशी करून घेतलं.