बंड्या आणि चिंगी : दिवस १ ते दिवस ४२

कुत्र्याचं पिल्लू आणि घरातलं मांजर यांची हळूहळू ओळख करून देण्याची ही नोंद. बंड्या गावठी पिल्लू, साडेतीन महिन्यांचा, ७ किलो. चिंगी मांजर, ४ वर्षांची, नसबंदी झालेली, साडेतीन किलो, कुत्र्यासोबत कधीच न राहिलेली. घर दोन बेडरूमचं, जमिनीला गुळगुळीत टाइल्स.

तयारी

पिल्लू आलं की अनेक घरांत मांजराला खोलीत कोंडतात. हे उलटं आहे. घर आधीपासून मांजराचं असतं. तेच हिरावलं गेलं तर पहिल्या दिवसापासून त्याला पिल्लाची धास्ती बसू शकते. म्हणून इथे हॉलच्या कोपऱ्यात बंड्यासाठी जाळीचं कुंपण केलं आणि चिंगीला बाकी घर मोकळं ठेवलं.

बेडरूमचं दार साखळीने अर्धवट अडकवलं. फट आधी ११ सेंमी होती, तेव्हा बंड्याचं डोकं आत जाऊन खांदे अडकले. ९ सेंमी केल्यावर चिंगी सहज जाते, तो जात नाही. पिल्लू वाढतं तशी फट दर आठवड्याला तपासायची, मान अडकण्याचा धोका खरा असतो. तिचं खाणं, पाणी आणि शी-शूसाठी रेतीचा (लिटरचा) एक ट्रे या दारापलीकडे. दुसरा ट्रे वॉशिंग मशीनवर. ट्रे पिल्लाच्या तोंडाला लागताच कामा नये. मांजराची शी त्याला खाऊ वाटते, तीतून जंत येतात आणि गोळे धरणारी रेती पोटात फुगून आतडं अडवू शकते.

वरची वाट हवीच. दिवाण, खिडकीचा कट्टा, दीड मीटरवर २५ सेंमी रुंद फळी, तिथून कपाट. दोन टप्प्यांत ४० ते ४५ सेंमी अंतर. फळीला सनमायका होता, चिंगी पहिल्याच उडीत घसरली आणि चार दिवस तिकडे फिरकली नाही. वर तागाचं पायपुसणं चिकटवल्यावर परत आली.

दिवस १ ते ८ : फक्त वास

दोघांची नजरानजर नाही. सुती फडकं चिंगीच्या गालांवर, मिशांच्या मागे, हलकेच फिरवायचं (तिचा ओळखीचा वास तिथेच असतो) आणि बंड्याच्या ताटलीखाली ठेवायचं. त्याचं फडकं तिच्या ताटलीपासून दीड मीटरवर. ती नीट जेवली तर दुसऱ्या दिवशी २० सेंमी जवळ. चौथ्या दिवशी घाईने एकदम अर्धा मीटर सरकवलं, तिने जेवण सोडलं. पुन्हा २ मीटरवरून सुरुवात.

मांजर पूर्ण एक दिवस उपाशी राहिलं तर थांबायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. उपास लांबला तर यकृतावर चरबी चढू शकते. बोका असेल तर शू होतेय का ते रोज बघावं. वारंवार ट्रेवर बसतोय आणि थेंब येत नाही, म्हणजे त्याच तासाला दवाखाना.

दिवस ९ ते २१ : जाळीपलीकडून

दिवसातून ४ वेळा, प्रत्येकी ३ मिनिटं. बंड्याला हार्नेस आणि १.८ मीटरचा पट्टा. गळपट्टा ओढला की तो घुसमटतो आणि आणखी चेकाळतो. उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे २० तुकडे, मीठ-मसाला नाही.

त्याने चिंगीकडे पाहिलं त्याच क्षणी ‘शाब्बास’, मान हाताकडे वळली की तुकडा. मांजर दिसलं की माणसाकडे बघायचं, एवढंच त्याने शिकायचंय. तिच्याशी खेळायला शिकवायचं नाही.

इथे सगळ्यात महागात पडणारी चूक झाली: शाब्बास उशिरा. तो बघायचा, भुंकायचा, मग शब्द यायचा. तीन दिवसांत त्याने बघणं, भुंकणं, चिकन अशी साखळीच बसवली. अंतर २ वरून साडेतीन मीटर केलं, कारण लांबून त्याला भुंकण्याआधी एक श्वास तरी मिळतो. दोन दिवसांत साखळी तुटली. नोंद फक्त एका गोष्टीची: नजर लागल्यापासून मान वळेपर्यंतचे सेकंद. दिवस ९ ला ९, दिवस १५ ला ६, दिवस २१ ला २.

संध्याकाळी ७ ते साडेआठ सराव बंद. त्या वेळात पिल्लू घरभर सैरावैरा पळतं, कारण बहुतेकदा झोप कमी पडलेली असते. या वयात १८ तास झोप लागते. पावसामुळे फिरणं चुकलं तर जुन्या गोधडीच्या घड्यांत त्याच्या कोरड्या खाण्याचे ३० दाणे लपवून हुंगायला द्यावेत. नाकाचं २० मिनिटांचं काम पिल्लाला छान थकवतं.

दिवस २२ ते ३५ : एकाच खोलीत

पट्टा जमिनीवर सोडलेला, माणूस हाताच्या अंतरावर. टाइल्सवर तागाची पट्टी अंथरली. घसरणारं पिल्लू नकळत मांजरावर जाऊन आदळतं.

दिवस २६. चिंगी कट्ट्यावर, बंड्या खाली. तिच्या शेपटीचं फक्त टोक डावी-उजवीकडे हलत होतं, कान किंचित बाजूला. त्याने नाक वर केलं. पंजा आला, नखं आत, नाकावर दोनदा टपटप. बंड्याने जीभ फिरवून नाक चाटलं, मान वळवली आणि जमीन हुंगू लागला. दोघांनीही अतिशय योग्य भाषा वापरली होती. अशा वेळी मांजराला ओरडायचं नाही. फिसकारणं हा इशारा आहे. तो दाबला तर पुढच्या वेळी थेट नखं येतात. नखांची टोकं दर दोन आठवड्यांनी कापावीत. पिल्लाचा डोळा मिचमिचा झाला किंवा पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

थांबण्याची खूण फिसकारणं नाही, पिल्लाचं गोठणं आहे: तोंड मिटलेलं, अंग ताठ, एकटक नजर. तेव्हा हाक मारत बसू नये, पट्टा उचलून बाहेर न्यावं.

औषध, ठळक अक्षरांत

कुत्र्याच्या गोचीड-पिसवांच्या ज्या थेंबांत किंवा शाम्पूत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं ते मांजराच्या जिवावर बेततं. तिने त्याचं अंग चाटलं, त्याला खेटून झोपली, तरीही. दोघं एका घरात असतील तर डॉक्टरांकडून परमेथ्रिन नसलेलं औषधच घ्यावं. मांजराचं खाणं पिल्लाने खाल्लं की शी पातळ होऊ शकते. मांजराला कायम कुत्र्याचं खाणं दिलं तर टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य कमी पडून डोळे आणि हृदय बिघडतं.

दिवस ३६ ते ४२

दिवस ३७ ला दाराची बेल वाजली, चिंगी पळाली, बंड्या मागे. पाठलाग हेच त्याचं बक्षीस, त्यामुळे एकदा घडलं की पुढच्या वेळी सोपं होतं. तीन दिवस पुन्हा जाळीआड. आता बेल म्हणजे चटई हा नवा सराव: बेल वाजवायची, चटईवर ५ दाणे टाकायचे, रोज १० वेळा, चिंगी बेडरूममध्ये असताना.

दिवस ४२: एका खोलीत ४० मिनिटं, अंतर सव्वा मीटर, चिंगी पाठ करून झोपली. दोघांना एकटं सोडणं अजून नाही. रात्री आणि घराबाहेर जाताना कुंपण कायम. पुढची नोंद बंड्याला पक्के दात आल्यावर, चिंगी पळत असताना मान वळते का ते मोजून.