मैनेचं डावं लँडिंग, सहा आठवड्यांचा हिशोब

मागच्या वेळी लिहिलं होतं की मैना, माझी घोडी, उडीनंतर कायम उजव्या लीडवरच (म्हणजे उजवा पुढचा पाय पुढे टाकूनच) उतरते, पुढचं वळण डावीकडे असलं आणि डावी लीड हवी असली तरी. त्यावर गेले सहा आठवडे काम चाललंय, आता बरंच काही हाती लागलंय म्हणून सविस्तर टाकतेय.

आधी मोजमाप. पहिल्या दिवशी 50 सेंटिमीटरच्या क्रॉसवरून (दोन बार फुलीसारखे तिरके लावलेली उडी) 20 उड्या घेतल्या, प्रत्येक वेळी उतरल्यावर डावीकडे वळायचं. 20 पैकी 5 वेळा डावी लीड मिळाली, बाकी सगळ्या उजव्या. जमिनीवर मात्र ती दोन्ही लीडवर व्यवस्थित कँटर (मध्यम वेगाची दौड) उचलते, त्यामुळे तिला डावी लीड येतच नाही असं नव्हतं.

शो जंपिंगमध्ये चुकीच्या लीडचे गुण कापत नाहीत, पेनल्टी बार पडला तर लागते, तेव्हा एवढं डोकं कशाला लावायचं असं मला आधी वाटायचं. पण उजव्या लीडवर डावं वळण घेताना मैना लाकडासारखी ताठ व्हायची, खांदा बाहेर पडायचा आणि पुढच्या उडीपर्यंत लय हातातून गेलेली असायची. बार पडायचे ते त्यामुळेच.

कामाला हात घालायच्या आधी डॉक्टरांना दाखवलं, आणि हे मी प्रत्येकाला सांगेन. डाव्या लीडवर उतरायचं म्हणजे उजवा पुढचा पाय आधी टेकतो आणि डावा त्याच्या पुढे पडतो. तो पहिला टेकणारा पाय क्षणभर एकटाच सगळा भार घेतो. म्हणजे घोडा एकाच लीडवर उतरायचा हट्ट धरत असेल तर कदाचित तो एखादा पाय वाचवत असतो, आणि अशा वेळी ट्रेनिंगच्या नावाखाली त्याला दामटणं मला तरी पटत नाही. डॉक्टरांनी कडक जमिनीवर ट्रॉट (दुडकी चाल) करवून, सांधे दुमडून धरून बघितलं, पाय ठीक निघाले. नालबंदालाही विचारलं, नाल ठीक. खोगीर मात्र उजव्या बाजूला जरासं दबलेलं होतं, ते परत भरून घेतलं. नंतरच्या 20 मध्ये 6. म्हणजे फारसा फरक नाही, पण खोगीर सरळ नसताना मी पुढचं काही करणारच नव्हते.

मग ताईंनी (माझ्या इन्स्ट्रक्टर) एक साधी गोष्ट करायला लावली, आणि माझ्या मते खरं वळण तिथेच आलं. उडीच्या पलीकडची वाळू दाताळ्याने सपाट करायची, क्रॉसच्या मध्यापासून काठीने सरळ रेघ ओढायची, एकच उडी घ्यायची, मग खाली उतरून ठसे बघायचे. पुढच्या टापांचे ठसे गोलसर असतात आणि मागच्यांचे जरा निमुळते, त्यामुळे ओळखता येतात. मैनेचे ठसे बघितले तर डावा पुढचा क्रॉसच्या जवळ, उजवा त्याच्या पुढे, म्हणजे उजवी लीड, ते माहीतच होतं. पण दोन्ही ठसे रेघेच्या उजवीकडे होते, चांगले दीड वीत. परत सपाट केलं, परत उडी, परत तेच. ती हवेतच उजवीकडे सरकत होती आणि खोगिरावर बसून मला ते एकदाही जाणवलं नव्हतं!

ताई म्हणाल्या, "आता फोनवर तुझा व्हिडिओ बघ, मैनेकडे बघू नकोस, स्वतःकडे बघ." स्लो करून बघितलं तर टेक-ऑफच्या आधीच मी डावीकडे झुकलेली, डावा खांदा खाली, डाव्या रिकिबीत सगळं वजन. पुढची उडी डावीकडे आहे म्हणून मी शरीराने आधीच निघालेली होते. आणि ती बिचारी माझा तोल सावरायला स्वतःचा उजवा खांदा बाहेर टाकायची, मग उजवी लीडच सोपी पडणार ना. म्हणजे लीड उतरताना बिघडतच नव्हती, ती बिघडत होती उडीच्या आधीच्या तीन-चार टापांमध्ये.

तिथून सगळं काम सरळपणाचं झालं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उडी नाहीच. जमिनीवर एक पोल, त्याच्या दोन्ही बाजूंना 20 मीटरचं रिंगण, इंग्रजी आठचा आकडा. ट्रॉटमध्ये यायचं, पोल बरोबर मधोमध आणि सरळ ओलांडायचा, ओलांडताना नवीन दिशेची कँटर मागायची. पोलवर घोडा टापा थोड्या उंच उचलतो, त्यामुळे लीड निवडायला त्याला जरा जास्त वेळ मिळतो. मग तेच कँटरमध्ये. चुकीची लीड आली तर ओढाताण नाही, चार-पाच पावलं ट्रॉट, श्वास, परत मागायचं.

मदत म्हणजे एड कशी द्यायची हे मला सगळ्यात अवघड गेलं. डावीकडे जायचं असेल तर डावा हात घोड्याच्या मानेपासून चार बोटं बाहेर उघडायचा, दार उघडल्यासारखा, मागे अजिबात ओढायचा नाही. उजवी पोटरी तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) जरा मागे. नजर पुढच्या उडीकडे, पण फक्त नजर, खांदे दोन्ही सारखे. काही लोक आतल्या रिकिबीत थोडं वजन द्या म्हणतात, कोणाला जमत असेल तर असो, मी वजन द्यायला गेले की झुकतेच, म्हणून माझ्यासाठी दोन्ही रिकिबी सारख्या हाच नियम. सरावासाठी मी उडी घेताना मनात "उभी, उभी" म्हणायचे, त्याने खरंच फरक पडला.

चौथ्या आठवड्यात परत क्रॉस, ट्रॉटमधून, आधी 2.5 मीटरवर एक प्लेसिंग पोल (टेक-ऑफ योग्य जागी यावा म्हणून जमिनीवर ठेवलेला). आणि उतरायच्या बाजूला उजवीकडे एक गाइड पोल जमिनीवर लांबीने टाकला, म्हणजे तिला सरकायला जागाच नाही. ठसे लगेच रेघेवर आले. 20 मध्ये 13 डाव्या! पण त्यातल्या 3 वेळा पुढचे पाय डाव्या लीडवर आणि मागचे उजव्या, क्रॉस कँटर. ज्यांना अनुभव आहे त्यांना माहितीये, खोगिरावर कंबर कोणीतरी दोन्हीकडून ढवळतंय असं वाटतं. मी उत्साहात डावा लगाम मागे ओढला होता, त्यामुळे पुढचं शरीर वळलं आणि मागचं राहून गेलं. त्या 3 मी हिशोबात धरत नाही, म्हणजे खरे 10. परत दोन दिवस रिंगणावर, ट्रॉट-कँटर, ट्रॉट-कँटर, मागचे पाय आत यायला लागेपर्यंत.

एक नियम मात्र पाळला, आठवड्यातून दोनच दिवस उड्या आणि त्या दिवशी 20 च्या वर नाही, आणि सलग तीन बरोबर आल्या की त्या दिवसापुरतं थांबायचं, मोजणीचे दिवस सोडून. मैनेने तिसरी बरोबर दिली की मी लगाम लांब सोडून तिच्या आयाळीखाली खाजवते, तिला ते इतकं आवडतं की मान खाली सोडून ओठ लांब करते.

सहाव्या आठवड्याची मोजणी, गाइड पोल काढून, कँटरमधून, 50 सेंटिमीटर, क्रॉस कँटर वगळून: 20 पैकी 16. उजवीकडची लीड बिघडली नाही ना तेही बघितलं, 10 पैकी 9. परवा 70 सेंटिमीटरचं व्हर्टिकल (आडव्या बारची सरळ उभी उडी) लावलं आणि तिथे 10 पैकी 5 वर आलो. ठसे परत रेघेच्या उजवीकडे, पण या वेळी फक्त तीन बोटं. व्हिडिओत माझे खांदे सरळ आहेत, पण उंची वाढली की मी नजर खाली टाकतेय आणि उजवी पोटरी सुटतेय. तर या आठवड्यात परत 60 वर, गाइड पोल परत जागेवर, आणि दाताळं घेऊन मी परत वाळूत. कोणी दोन उड्यांच्या लाइनमध्ये, म्हणजे मध्ये एकच स्ट्राइड (कँटरची एक झेप) ठेवून हे करून बघितलंय का? अंतर 7.2 मीटर ठेवायचा विचार आहे, पण मैनेची स्ट्राइड छोटी आहे, तर थोडं कमी करू का ते सांगा.