१२८ आरपीएमवर अडकलेलं चक्र शेवटी १४५ ला पोचलं

नवीन लोकांसाठी आधी सेटअप सांगतो. ८ मिमीचा अर्धा मीटर लोखंडी रॉड मधोमध बेअरिंगवर आडवा फिरतो, दोन्हीकडे २००-२०० ग्रॅमची भोक पाडलेली पितळी वजनं, आणि दोघांचा दोरा मधल्या पोकळ पाइपातून खाली माझ्या हातात. वजनं २० सेंमीवर ठेवून ६० आरपीएमने (मिनिटाला ६० फेरे) फिरवायचं आणि ओढून १० सेंमीवर आणायचं. रॉडचा स्वतःचा ०.००४ धरून मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध, किलो-मीटर² मध्ये) ०.०२० चा ०.००८ होतो, म्हणजे अँग्युलर मोमेंटम (हा विरोध गुणिले फिरण्याचा वेग) टिकलं तर १५० यायला पाहिजे.

येऊन राहिले होते १२८. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन ग्रीस काढलं, शिलाई मशीनचं तेल सोडलं, १३७ झाले. मग एकदा दोऱ्याकडे नीट पाहिलं तर तो रॉडसोबत फिरतो पण माझा हात फिरत नाही, त्यामुळे त्याला पीळ बसत जातो आणि तोच पीळ रॉडला मागे खेचतो! इतवारीत गळाच्या दोरीला लावतात ती छोटी फिरकी मिळाली, ती मध्ये बांधली, आता १४५ च्या आसपास येतं. आणि रीडिंग घेताना कूलर बंद ठेवा बाप्पा, त्याच्या हवेने आकडे हलतात, मे महिन्यात नागपुरात हे जमत नाही म्हणून मी पहाटे ५ लाच बसतो.

खरी मजा पुढे आहे. दोऱ्याला स्प्रिंग बॅलन्स (स्प्रिंगचा वजनकाटा) लावला तर २० सेंमीवर ३२० ग्रॅमच्या आसपास दाखवतो आणि १० वर ९०० च्या वर, म्हणजे वाढलेली ऊर्जा माझ्या हाताचीच, ती हाताला चांगली जाणवते.

पण दोरा तर मध्याकडेच ओढतो, मग रॉडला पुढे ढकलतं कोण? वजनाच्या भोकात आतून मार्करची शाई लावली आणि २० वेळा ओढलं, दर वेळी रॉड थांबवूनच वजनं परत बाहेर नेली. वरची बाजू घासणारच, वजन तिथेच टेकलेलं असतं, पण शाई पुसली गेली ती वरून मागच्या बाजूला सरकलेली. बाहेरून आलेलं वजन आतल्या रॉडपेक्षा जोरात चाललेलं असतं, तेच रॉडला ढकलतं.

येत्या रविवारी उलटं करणार, वजनं आत ठेवून फिरवायचं आणि दोरा सोडत जायचा. तेव्हा पुढच्या बाजूची शाई पुसली पाहिजे.