टाकळ्याचं काय करायचं?

पहिल्या दोन-चार सरी पडल्या की रस्त्याकडेला, पडक्या भिंतीशी, गुरांच्या वाटेवर जे काही हिरवं वर येतं, त्यात टाकळा हमखास असतो. विदर्भात तो तरोटा, गोव्यात तायकिळो. त्या थोड्या दिवसांपुरता त्याला भाव असतो. ठाणे-रायगडकडे आदिवासी बायका कोवळ्या पाल्याचे वाटे लावून बसतात. कुणी तो मूगडाळीत करतं, कुणी फणसाच्या आठळ्या घालून. मग पानं जून होतात, वास उग्र होतो आणि आपण त्याच्याकडे बघणं बंद करतो.

गुरं तर त्याला सहसा तोंडच लावत नाहीत. म्हणूनच चरून बोडक्या झालेल्या माळावर गवत संपतं आणि हा गुडघाभर, कधी कमरेइतका माजतो.

टाकळा शेंगवाल्यांच्या कुळातला. मूग, तूर, ताग हे त्याचे भाऊबंद मुळांवरच्या गाठींत जिवाणू पाळतात आणि हवेतला नत्र जमिनीला मिळवून देतात. टाकळा उपटून पाहा, एकही गाठ सापडणार नाही. एवढ्या नावाजलेल्या घराण्यात जन्मून घरचा धंदा न करणारा हा मला त्यासाठीच आवडतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात पिवळी फुलं येतात. त्यांत मध नसतो, नुसते पराग, आणि तेही परागकोशांत बंद. कोशाच्या टोकाला बारीक छिद्र. मग एखादा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंगातले उडायचे स्नायू थरथरवतो. गुणगुण ऐकू येते आणि पराग भुकटीसारखे त्याच्या पोटावर उडतात. आपल्या पोळ्यांतल्या मधमाश्यांना ही कला येत नाही.

गोड रस टाकळ्यानं ठेवलाय भलतीकडेच: पानाच्या देठावर, पर्णिकांच्या जोड्यांमध्ये असलेल्या इवल्याशा ग्रंथींत. ती मुंग्यांची खानावळ. मुंग्यांनी रस प्यावा आणि पाला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावावं, असा एकूण व्यवहार दिसतो. पहारा मात्र यथातथाच. कारण मॉटल्ड एमिग्रंट आणि ग्रास यलो ही फुलपाखरं याच पानांवर अंडी घालतात, आणि त्यांच्या अळ्या इतक्या पानासारख्या हिरव्या की नजर बसेपर्यंत दिसत नाहीत. पावसाळ्याच्या अखेरीस माळावर पिवळी-पांढरट फुलपाखरं भिरभिरताना दिसतात, त्यांतली कितीतरी टाकळ्यावरच पोसलेली.

पुढे बारीक, वाकड्या शेंगा धरतात. बिया भाजून कॉफीसारखं पेय करतात. शिवाय बियांतून निघणारा डिंक कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात घट्टपणासाठी जातो. गावातली गाय ज्याला तोंड लावत नाही, ते परदेशातलं मांजर मिटक्या मारत खातं!

गाजर गवतानं आपल्या पडीक जमिनी व्यापल्या. भारतातली त्याची सुरुवातीची नोंद १९५५-५६च्या सुमारास पुण्याचीच. त्याला हटवण्यासाठी तणतज्ज्ञ एक उपाय सांगतात: टाकळ्याचं बी गोळा करा आणि पावसाआधी पडीक जागांवर फेका. टाकळा दाट वाढतो, गाजर गवताला जागा देत नाही. सल्ला रास्त आहे. फक्त सोयाबीनमधला तरोटा निंदायला मजूर मिळेना म्हणून वैतागलेल्या शेतकऱ्याला तो सांगायचा असेल, तर जरा लांब उभं राहून सांगावा.