विरूबाईंची जागा

थोरल्या शाहू महाराजांवरच्या मालिकेचं शूटिंग चालू होतं. इतिहासाची सल्लागार म्हणून पगडी, पदर, मुजरा असल्या गोष्टींवर नजर ठेवणं हे सेटवरचं माझं काम. त्या दिवशी शिलंगणाहून परतलेल्या महाराजांना ओवाळण्याचा प्रसंग होता. पुढे थोरल्या धनीणसाहेब सकवारबाई, त्यांच्यामागे धाकट्या सगुणाबाई. आणि विरूबाई? झगमगीत घागरा नेसवून, पायांत घुंगरं बांधून त्यांना खांबाआड उभं केलेलं! विरूबाई महाराजांच्या नाटकशाळा, म्हणजे लग्नाविना वाड्यात ठेवलेल्या. पण नाटकशाळा म्हणजे नाचणारीच, असं कपडेपटात कुणीतरी धरून चाललेलं.

मी शॉट थांबवला. दिग्दर्शक वैतागले. "मॅडम, लोकांना दोन राण्यांचं भांडण बघायचंय. ही तिसरी मागे राहिली तर काय बिघडलं?"

"सर, साताऱ्याच्या वाड्यात चालायचं ते या तिसरीचंच."

मग तिथेच उभ्या उभ्या सांगत सुटले. शिर्क्यांच्या सकवारबाई आणि मोहित्यांच्या सगुणाबाई आल्या त्या शाहू महाराज 1707 मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटल्यावर. विरूबाई त्याआधीपासूनच्या, कैदेतल्या दिवसांतल्या. महाराजांच्या पहिल्या लग्नात नवरीबरोबर आलेली ही दासी. लग्नाच्या राणीचा मान तिला जन्मात मिळाला नाही, पण महाराजांच्या खाजगीचा कारभार तिच्या हाती आला. पुढे अक्कलकोटकर झालेले फत्तेसिंह भोसले तिला आई मानत. 1740 मध्ये ती गेली, तेव्हा मुलाच्या नात्याने तिची उत्तरक्रिया त्यांनीच केली. अशा बाईला घुंगरं बांधायची?

सकवारबाईंचं काम करणारी मुलगी हातातलं ताट तसंच धरून ऐकत होती. "मग थोरली असून मला काय मिळालं, ताई?"

सांगताना माझाच आवाज चढला. धाकट्या धनीण 1748 मध्ये वारल्या. पुढच्या वर्षी, 15 डिसेंबरला महाराज गेले. महाराजांच्या चुलती ताराबाई यांनी आपला नातू म्हणून पुढे केलेला रामराजा सकवारबाईंना वारस म्हणून मान्य नव्हता. 'मी सती जाणार' असं त्या चारचौघांत म्हणत असत. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ लिहितो, की आपल्या हालचालींचा कुणाला संशय येऊ नये म्हणून. तोच शब्द पेशव्यांच्या माणसांनी त्यांच्यावर उलटवला. सकवारबाईंचे भाऊ कुवरजी शिर्के यांनाच घराण्याच्या अब्रूची भीती घालून बहिणीकडे धाडलं. पट्टराणीने बोललेला शब्द मागे कसा घ्यायचा? त्या जळाल्या. पुस्तकांत याला सहगमन म्हणतात. मी तसं म्हणत नाही. हा खून होता.

दिग्दर्शकांनी घागरा बदलायला सांगितला. विरूबाईंना साधं, भारी नऊवारी लुगडं आलं. ओवाळायचा मान राण्यांचाच राहिला, पण निरांजन पेटवून ताट कुणाच्या हाती कधी द्यायचं, हे विरूबाईंच्या नजरेवर ठरेल, असं आम्ही बसवलं. भांडणाचे संवाद निम्मे गळले.

शेवटच्या भागाचे संवाद अजून लिहून व्हायचेत. लेखकांची बैठक आहे, तिला मी जाणार आहे. त्यांच्या आराखड्यात सकवारबाई हसतमुखाने चितेकडे चालत जातात आणि कुवरजी कुठेच नाहीत. बहिणीसमोर त्यांना उभं केल्याशिवाय मी त्या भागावर सही करणार नाही.